एकतिसावा पक कोणी अडवला?

रिंकवर अकरा वर्षं आइस हॉकीचं स्कोअरशीट लिहिलं मी. रेकॉर्ड शीटमध्ये राहतात, किस्से डोक्यात साचतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, शेवटी जमणार नाही!

*

शाळा माझी सातवीपर्यंत. परदेशात, क्वेकर्स हिलला लेकाकडे आले आणि स्केट्स भाड्याने देण्याच्या काउंटरवर लागले. रूलबुक डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं. एका मॅचला काउंटरवरूनच ओरडले, “बर्फावर सहाच्या जागी सात माणसं आहेत, रेफरी!”

त्याने मोजली. सातच!

पुढच्या रविवारपासून शीट माझ्याकडे.

*

आमचा गोली, म्हणजे गोलरक्षक, रसेल. आठवडाभर प्लंबर, रविवारी भिंत! मॅचआधी काठीने गोलचे खांब वाजवायचा. डावा टक टक, उजवा टक टक. सलग सहा मॅच एकही गोल दिला नाही. सहा शटआउट!

सातव्या मॅचला त्याच्या पॅडचा पट्टा तुटला. मिनिटभर दुसरा गोली उभा राहिला, त्याने एकच पक, म्हणजे ती रबरी चकती, अडवला. गोल शून्य. पण नियम असा, की दोन गोलींनी मिळून गोल राखला तर शटआउट टीमचा, दोघांपैकी कुणाचाच नाही. मी तसंच लिहिलं. सगळी टीम अंगावर आली. “एकच तर सेव्ह, मेट!”

“एक म्हणजे एक,” मी म्हटलं.

रसेलने सही केली. “फेअर इनफ. पण माझ्यानंतरच्या गोलीच्या वेळीही असंच लिही हं. मी बघत असेन.”

*

त्याच हिवाळ्यात रसेल गेला. हार्ट. त्याचे अकरा नंबरचे स्केट्स धार लावायला माझ्याकडेच राहिले होते. सकाळी काउंटर उघडलं की पाती ओली असायची. मॅनेजर म्हणाला, “दमट हवा, नो वरीज.”

शेजारच्या चाळीस जोड्या मात्र कोरड्या ठणठणीत!

*

मग विद्यार्थ्यांची लाट आली. एकेका घरात आठ-आठ जण. त्यातला निनाद, नाशिकचा. आठवडाभर युनि, रविवारी रिंक. दोन वर्षांत रसेलच्या जागी उभा राहिला. खांबबिंब वाजवायचा नाही.

एकदा मॅचआधी स्केटिंग करत माझ्या टेबलाशी आला. “काकू, माझ्यामागे खांब कोण ठोकतं?”

“पाइप असतील. तू खेळ.”

पाइप! माझं मलाच पटलं नव्हतं.

*

निनादचेही सलग सहा शटआउट झाले. सातवा झाला तर मेलबर्नची मोठी टीम त्याला ट्रायलला बोलावणार होती. मॅच रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी. शेवटचं मिनिट. पक त्याच्या ग्लव्हखालून निसटला, गोलकडे सरकला, आणि रेषेवर उभाच राहिला. भिंतीला आपटल्यासारखा! भोंगा वाजला. टीम नाचायला लागली.

मॅच संपल्यावर निनाद सहीला आला. “काकू, किती सेव्ह?”

“समोरच्यांचे शॉट एकतीस. गोल शून्य. तुझे तीस मी डोळ्यांनी पाहिले.”

“मग एकतिसावाही माझाच लिहा ना. कोण बघतंय?”

मी पेन खाली ठेवलं. “तू अडवलास?”

“नाही काकू. मी पोचलोच नव्हतो. पण मागून कोणीतरी... गार वाटलं एकदम.”

मी त्याच्या नावाखाली नवी ओळ आखली. दुसरा गोली. सेव्ह, एक. नावाचा रकाना रिकामा. शटआउट टीमचा. निनादचे डोळे भरले, पण पोराने सही केली.

बर्फ साफ करायला मशीन येणार म्हणून दोन्ही गोल खांबांसकट उचलून भिंतीशी ठेवले होते. बर्फावर कुणी नव्हतं, काही नव्हतं.

त्या मोकळ्या बर्फावरून आवाज आला. टक टक.

मग, थोडं उजवीकडून, टक टक.