पाण्याच्या बाटलीतली पालिंका

दुबईत रास अल खोरच्या एका गोडाऊनमागच्या किचनमध्ये मी दिवसभर लांगोश थापते. हा हंगेरीतला रस्त्यावरचा खाऊ. आंबवलेल्या पिठाची ताटाएवढी पुरी तळायची, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि मूठभर चीज. संध्याकाळी माल जत्रेतल्या स्टॉलवर जातो नि टुरिस्ट रांगा लावतात. शेजारच्या काउंटरवर पिठाची पट्टी दांड्याला गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात आणि साखरेत घोळवतात. लहान पोरं त्याच्यावर तुटून पडतात. पण मला विचाराल तर लांगोशच खरा. चिपळूणचा हात आहे माझा, भाकरीला बसलेला. शेफ हंगेरीचाच, आणि माझ्या थापण्यावर फिदा.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात तो सुट्टीहून परतला तेव्हा माझ्यासाठी पालिंका घेऊन आला. जर्दाळूची दारू, त्याच्या वडिलांनी घरी गाळलेली, दिसायला अगदी पाण्यासारखी. घरची पालिंका त्यांच्याकडे साध्या मिनरल वॉटरच्या बाटलीतच देतात म्हणे, आणि नको म्हटलं की माणूस रुसतो. मी पीत नाही. पण नवऱ्याने डोकं खाल्लं होतं, “एकदा तरी चाखायला आण ना!” राहायला आम्ही शारजात, तिथे दारूला बंदी. हे ठाऊक असूनही बाटली पिशवीत टाकली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

रोजची कारलिफ्ट, म्हणजे महिन्याच्या पैशांवर ने-आण करणारी गाडी, रत्नागिरीच्या चाचांची. चार वर्षं त्यांच्याच गाडीतून ये-जा. माझा ताप, मुलीची अ‍ॅडमिशन, सगळं त्यांना ठाऊक. त्या दिवशी बाकीचे दोघे सुट्टीवर होते. मागच्या सीटवर चाचांनी ईदसाठी घेतलेली खोकी, म्हणून माझी पिशवी त्यांनी पुढे स्वतःशेजारी ठेवली आणि मी नेहमीसारखी मागेच, खोक्यांशेजारी अंग चोरून बसले.

शारजाच्या अलीकडे ट्रॅफिक ठप्प झाला. सिग्नलला रोजा सोडायला इफ्तारची पाकिटं वाटतात, पण आम्ही हायवेच्या मधोमध. रोजाने चाचांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. “यल्ला, हबीबी, सरक की रे,” ते पुढच्या गाडीला विनवत होते. तेवढ्यात रेडिओवर अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, दारातली आपली बाटली चाचपली. ती रिकामी होती. मग त्यांचा हात माझ्या पिशवीकडे गेला.

“बाय, तुझं पाणी घेतो गो,” म्हणत त्यांनी झाकण पिरगाळायला घेतलं.

“नको!” मी किंचाळले. “चाचा, ती नको! ठेवा खाली!”

ते दचकले. आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली, तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी बाटली पिशवीत परत ठेवली, अगदी जपून, आणि तो हात पँटला पुसला.

“माफ कर बाय. विचारायला पाहिजे होतं. आमच्या हातचं चालत नाही काही जणांना.”

अरे देवा! सांगायचं तर हे सांगायचं की रोजा धरलेल्या माणसाच्या गाडीत मी दारू घेऊन बसलेय. नाही सांगायचं तर त्यांना वाटतंय तेच खरं ठरू द्यायचं. गाड्या थोड्या सरकल्या, परत थांबल्या. चाचांनी रेडिओ बंद केला. कोरडा खजूर चावल्याचा आवाज मला मागे ऐकू येत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले, मेल्यासारखी.

पेट्रोल पंपाची पाटी दिसली तेव्हा कुठे तोंड उघडलं. “चाचा, त्यात दारू आहे. शेफने दिलेली. पाणी असतं तर तुम्हाला कशाला अडवलं असतं हो!”

त्यांनी गाडी पंपावर घेतली. उतरले. मी बाथरूममध्ये जाऊन सगळी बाटली बेसिनमध्ये ओतली. जर्दाळूचा वास नाकात गेला नि मला रडू फुटलं. बाहेर आले तर चाचा पाण्याची नवी बाटली घेऊन उभे होते. अर्धी त्यांनी संपवली होती. उरलेली माझ्यापुढे धरली. मी तोंड लावून प्यायले.

“अल्लाने वाचवलं,” ते म्हणाले. “तू ओरडलीस म्हणून इफ्तारला दारू पोटात गेली नाही. दारूचा मला राग नाही गो. चूक झाली, खलास.” मग गाडीचं दार उघडताना थांबले. “पण एवढं सांगायला पाऊण तास लागला तुला?”

मी म्हटलं, भीती वाटली. ती अर्धीच गोष्ट होती. तो पाऊण तास मी हिशेब करत होते, आणि त्यांच्या हातचं मला चालत नाही असं चाचांना वाटू दिलेलं मला स्वस्तात पडत होतं.