बहिणीच्या शहराचं चॅनल

आई दोन महिन्यांसाठी नाशिकहून माझ्याकडे आली, ती एक चॅनल घेऊनच आली. तेही ओहायोतलं. माझी धाकटी बहीण तिथल्या एका मध्यम शहरात राहते. मागच्या वर्षी आई तिच्याकडे जाऊन राहिली आणि त्या शहराच्या लोकल चॅनलच्या नादी लागली. ते फोनवर फुकट दिसतं हे माझ्या लेकीने शोधून काढलं, वर आमच्या हॉलमधल्या टीव्हीला जोडूनही दिलं. मग काय, दोह्यातल्या अल दुहैलमधल्या माझ्या घरात रोज दुपारी ओहायोची सकाळ उजाडायला लागली.

बरं, बातम्या तरी कसल्या? कुणाचं कुत्रं हरवलं, कुठल्या शाळेची पोरं मॅच जिंकली, मध्येमध्ये जुन्या गाड्या विकणाऱ्या एका टकल्याची जाहिरात. आईचं इंग्रजी बेताचंच, पण बोचऱ्या वाऱ्याच्या थंडीचा ‘विंड चिल’ हा शब्द ती मीठ-मसाल्यासारखा सहज टाकायची. शर्टाच्या बाह्या वर केलेला तिथला हवामानवाला तर ‘आमचा’ झाला होता. "आमचा तो म्हणतोय, गुरुवारी बर्फ." माझ्या नवऱ्याला तिने इतक्या लाडाने कधी आमचा म्हटलेलं मला आठवत नाही.

एकदा इथे सकाळी दाट धुकं पडलं. मुशैरिब भागातल्या ऑफिसात मी कशीबशी पोचले, येताना पुन्हा ट्रॅफिकमध्ये अडकले. घरात पाऊल टाकलं तर आई फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, पुलावर ट्रक आडवा झालाय. तू मागच्या रस्त्याने जा." दोह्याच्या सोफ्यावर बसून बाई ओहायोतल्या गाड्या हाकत होत्या. आणि बहीणही ऐकायची, मागच्या रस्त्याने जायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मी कुठल्या रस्त्याने आले, ते विचार की कधी," मी म्हटलं.

"तू आलीस ना," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

इथे चॅनल नाहीत असं नाही. पण ती जगाच्या बातम्या सांगतात. अल दुहैलला धुकं आहे, लेक जपून येऊ दे, असं माझ्या आईला सांगणारा बाह्या वर केलेला बाबा मी कुठून आणू?

खरं दुखणं वेगळंच होतं. आई इथून परस्पर बहिणीकडे जाणार होती, आणि मला ती उन्हाळा लागेपर्यंत माझ्याकडे हवी होती. त्यासाठी काय नाही केलं? तिला आवडतात तशा ज्वारीच्या भाकरी थापल्या, सुट्टीच्या दिवशी समैस्माच्या समुद्रावर नेलं. तिथे पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "तिच्याकडचं तळं आता गोठलं असेल, नाही का गं?" अशी जळले म्हणून सांगू.

पुढच्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही सगळे घरी होतो. टीव्हीवर बर्फाचं वादळ चाललं होतं आणि खाली बंद शाळांची नावं सरकत होती. भाचीच्या शाळेचं नाव येतंय का, म्हणून आई चष्मा सावरून बसली होती. मला राहवेना. म्हटलं, "एवढा जीव अडकलाय तर जा ना लवकर. तिकीट अलीकडचं करून देते."

"मी नाही जात आता," आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "गुडघ्यांना एवढा लांबचा प्रवास झेपायचा नाही. म्हणून तर हे लावते." मग म्हणाली, "तिला तूच सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं."

लपवत नाही, मला आनंद झाला. खलास, मी जिंकले. स्वयंपाकघरात जाऊन लगेच फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत बहीण सांगत सुटली, आईच्या खोलीत नवी गादी आणलीय, बाथरूममध्ये तिला धरायला दांडा बसवून घेतलाय. मी एका दमात सांगून टाकलं.

"तुझ्याकडे तरी आहे ती," ती म्हणाली. "हेवा वाटतो गं तुझा." मग नाक ओढत विचारलं, "आत्ता काय करतेय?"

"तुझ्या लेकीच्या शाळेला सुट्टी आहे का, ते बघतेय," मी म्हटलं.