सुपांवरची तर्री

आमच्या घरात सूप वन बाय टू असतं. हॉटेलात एकच मागवायचं, वेटर ते दोन वाट्यांत अर्धं अर्धं करून आणतो, ही पद्धत नागपुरात सगळेच पाळतात. पण आम्ही ती घरीही पाळतो. कारण आमचे हे, म्हणजे माझा नवरा, माझ्याआधी एक घोट घेतात, भुवया गोळा करतात आणि निकाल देतात. "मीठ कमी हाय." "आंबट झालं." "लसूण करपला वाटते." मग मी भांडते आणि भांडून झालं की गुपचूप वरून मीठ घालते. इतक्या वर्षांत यांचा निकाल एकदाही चुकलेला नाही, आणि मला खरा राग त्याचाच येतो.

हे मूळचे नागपूरजवळच्या कुहीकडचे. शेती अजून आहे, धाकटे दीर करतात. नात्यात कोणाचंही लग्न असलं की वांग्याच्या भाजीच्या कढईपाशी आचारी झारा टेकवून उभा राहतो आणि मांडवात निरोप येतो, "भाऊजीले बोलवा." मग हे बाह्या सरसावत जातात. आचारी पळीभर रस्सा यांच्या तळहातावर सोडतो. हे तो चाटतात, डोळे मिटतात, आणि कढईभोवतीची मंडळी गप्प होतात. "दोन मुठी मीठ टाक गा अजून," असं म्हटलं की मीठ पडतं, "वाढा आता," म्हटलं की पंगत बसते. सरकारी कचेरीत कारकुनी करत यांचा उभा जन्म गेला, तिथे यांचं मत कोणी विचारलं नाही. कढईपाशी मात्र यांच्या शब्दापुढे शब्द नसायचा. त्या वेळी हे दोन इंच उंच दिसतात, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच पाहिलं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं. यांना कधी सांगितलं नाही, एवढंच.

मागच्या दिवाळीनंतर यांना मोठा ताप आला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पण नाकाचा वास आणि जिभेची चव काही परत आली नाही. मला हे कळलं कसं, तर एका दुपारी मी वरणात मीठ घालायला विसरले आणि हे ताट स्वच्छ करून उठले. "कसं होतं?" मी विचारलं. "छान होतं," हे म्हणाले.

छान! लग्नानंतर हा शब्द मी यांच्या तोंडून माझ्या स्वयंपाकाबद्दल ऐकलेला नव्हता. मी उरलेलं वरण चाखून पाहिलं, तर पार अळणी.

रामदासपेठेतल्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की बहुतेकांना येते परत, धीर धरा, रोज चार वेगवेगळे वास घेत राहा. तेव्हापासून हे सकाळी अंघोळ झाली की चार बाटल्या पुढे मांडून बसायचे. लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि निलगिरीचं तेल. एकेक बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि मग खाली ठेवायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. "आलं काही?" असं विचारायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. यांचा चेहराच सांगायचा.

"कोणाले सांगू नको वं," यांनी मला बजावलं होतं. एका लग्नाला तर डोकं दुखतं म्हणून हे गाडीतच बसून राहिले. आचाऱ्याचा निरोप दोनदा आला. मी मांडवात खोटं बोलले, आणि गाडीपाशी आले तर हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होते. "मी आता काय कामाचा?" म्हणाले. मी चिडून म्हटलं, "माणूस काय नुसत्या जिभेचा असतो?" पण मला रडू येत होतं. यांच्या कटकटीची मला इतकी आठवण येईल असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला हसले असते.

अशात आमच्या इमारतीच्या अध्यक्षीणबाईंनी थंडीतल्या स्नेहमेळाव्याचा घाट घातला. त्या तळमजल्यावर राहतात आणि इमारतीवर राज्य करतात. यंदाची कल्पना म्हणजे जगभरातली सुपं. ज्याला ज्या देशाचं आवडतं त्यानं ते करून गच्चीवर आणायचं. पहिल्याच बैठकीत अर्ध्या घरांनी मंचाव सूप सांगितलं, तेव्हा बाईंनी मंचाववर सरसकट बंदी घातली. "आणि परीक्षक कोण, ते तर सांगायलाच नको," असं म्हणून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे नाही म्हणाले असते तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. हे हो म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही डोकं लढवलं. आमचं वन बाय टू सगळ्या इमारतीला ठाऊक, तेव्हा एका वाटीत दोन चमचे घेऊन बसलो तर कोणाला नवल वाटणार नव्हतं. आधी मी चाखणार आणि खूण करणार. पदर सारखा केला तर उत्तम, चष्मा वर केला तर मीठ कमी, खोकले तर मीठ जास्त. हे तीनदा पाठ करून घेतलं. कचेरीतला माणूस, एकदा नियम ठरला की त्यात तसूभर फरक करायचा नाही.

गच्चीवर टेबलं मांडली होती, पातेल्यांपुढे देशांची नावं चिकटवली होती. शेजारच्या तमिळ मामी रसम घेऊन आल्या होत्या. हा काही वेगळा देश नाही, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या. तेव्हा मामींनी चेन्नईच्या गाडीला किती वेळ लागतो ते ऐकवलं आणि पातेलं मांडलंच. चौथ्या मजल्यावरचं तरुण जोडपं जपानात राहून आलेलं, त्यांनी सोयाबीन आंबवून केलेल्या वाटणाचं मिसो सूप केलं होतं. अध्यक्षीणबाई पाच दिवसांची बँकॉकची सहल करून आल्या होत्या, तेव्हा त्यांचं थाई. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं बीटचं रशियन बोर्श, त्या तिकडे डॉक्टरी शिकलेल्या.

मी पहिलं पातेलं पाहिलं आणि चमकले. जपानी सुपावर बोटभर लाल तेल तरंगत होतं. तर्री! सावजी रश्श्यावर असते ती, तिखटाची, जळजळीत. मी मामींच्या रसमकडे पाहिलं, तिथेही तर्री. थाई पातेल्यात तर खाली काय आहे ते दिसतच नव्हतं.

झालं होतं असं की परीक्षकाला तर्री आवडते हे साऱ्यांना माहीत. तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरानं, दुसऱ्या कोणाला न सांगता, शेवटी तेवढी फोडणी वरून सोडली होती. सात समुद्रांपलीकडची सुपं नागपुरात येऊन एकजात लाल झाली होती. जपानात राहून आलेल्या त्या जोडप्यातली मुलगी मला हळूच म्हणाली, "काकू, काकांसाठी खास घातली आहे."

पहिला चमचा मी तोंडात घातला आणि ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी. हे माझ्याकडे पाहत होते. यांनी घोट घेतला, भुवया गोळा केल्या आणि भारदस्त आवाजात सांगितलं, "मीठ जरा जास्त झालं." त्या मुलीचा चेहरा उतरला. मी डोळ्यांनी खुणावत होते की नाही हो, हा खरा खोकला आहे. पण डोळ्यांची खूण आमच्या नियमांत नव्हती.

रसम. ठसका. "मीठ जास्त." मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "रसमात मीठ जास्त? चाळीस वर्षं करते मी." थाई. ठसका. "मीठ जास्त." आता गच्चीवर कुजबुज सुरू झाली. मी घसा दाबून धरला होता, पाणी प्यायले, पण खोकला काही थांबेना. अध्यक्षीणबाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्याच हातून मीठ पडलं असेल."

शेवटी बोर्श. तेही लालभडक, बीटाचं. त्यावर तर्री नव्हती, डॉक्टरीणबाई कोणासाठी तत्त्व सोडणाऱ्या नाहीत. पण माझा घसा तोवर सोलून निघाला होता. चमचा ओठाला लागायच्या आधीच मी खोकले.

"चव चांगली," हे म्हणाले, "पण मीठ जास्त हाय."

सगळ्या माना डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. कारण त्यांच्या घरात मीठ नसतं. यजमानांच्या ब्लडप्रेशरमुळे त्यांनी ते केव्हाच बंद केलंय आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्या मिठावर व्याख्यान देतात. त्यांच्या सुपात मिठाचा कण नाही, हे इमारतीतल्या पोराटोरांनाही माहीत. डॉक्टरीणबाई हातातला डाव खाली ठेवून यांच्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, कधीपासून?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ कुठलीच खूण उरली नव्हती. मग हे उभे राहिले, गुण लिहायचा कागद घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले काहीच समजून नाही राहिलं. दिवाळीपासून. ना वास, ना चव. तुमच्या सुपात काही खोट नाही. खोट माह्यात हाय."

मला वाटलं, आता हे परत गाडीत जाऊन बसतील आणि या वेळी बाहेर येणार नाहीत.

"म्हणजे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात माझ्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या छान झाल्या म्हणालात, ते खोटं?"

"चव नाही समजली," हे म्हणाले. "पण कुरकुरीत होत्या. कानानं ऐकल्या मी."

मामी आधी हसल्या. मग सगळी गच्ची हसली, आणि शेवटी हेही. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाजूला घेऊन लपवल्याबद्दल चांगलं झापलं. बक्षीस अर्थातच कोणाला मिळालं नाही. पण सगळी पातेली रिकामी झाली, आणि तर्री घातलेलं जपानी सूप तर लोकांनी पुन्हा मागून प्यायलं.

त्यानंतर इमारतीनं यांना सोडलं नाही. रोज संध्याकाळी कोणीतरी झाकलेली वाटी घेऊन दाराशी यायचं. "घ्या भाऊ, पाहा." हे घोट घ्यायचे, आणि लपवण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे खरं सांगायचे, "नाही आलं." वाटी आणणारे "बरं, उद्या," म्हणून परत जायचे. लिफ्टमध्ये क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं मला लोक विचारायचे, "आलं का काही?" बाटल्यांचं चाललेलंच होतं. एकदा लिंबाच्या सालीपाशी हे जरा जास्त वेळ थांबले. मी विचारलं नाही.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी टोमॅटोचं सार केलं होतं. त्या दिवशी सकाळपासून पाणी नव्हतं, मिक्सर बिघडला होता आणि टोमॅटो मला हातानं कुस्करून गाळावे लागले होते. माझा पारा चढलेलाच होता. एकाच पातेलीतून दोन वाट्यांत अर्धं अर्धं ओतलं आणि यांच्यापुढे एक वाटी आपटली.

हे प्यायले. भुवया गोळा झाल्या.

"मीठ कमी हाय वं."

"मग वरून घ्या नं!" मी उसळले. "समोर डबी आहे, दिसत नाही? दिवसभर इथे मी खपून राहिले, आणि..."

आणि मी थांबले. हेही थांबले होते, वाटी हातातच होती. हे वाटीकडे असे पाहत होते की जणू ती आत्ताच कोणी यांच्या हातात दिली असावी. मग यांनी दुसरा घोट घेतला, सावकाश.

"कमीच हाय," हे म्हणाले, आणि लगेच तिसरा घोट घेतला.

मी ओट्यापाशी जाऊन पातेलीतलं चमचाभर सार चाखलं. मीठ खरंच कमी होतं. इतके महिने सांगणारं कोणी नव्हतं, तेव्हा माझा हात कमी कमी होत गेला होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी मीठ घातलं, ढवळलं, आणि एका हातात पातेली, दुसऱ्यात पळी घेऊन यांच्यापुढे येऊन उभी राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"हात करा पुढे."

यांनी तळहात पुढे केला. मी त्यावर पळीतलं थोडं सार सोडलं. यांनी ते चाटलं, डोळे मिटले, आणि मी कुहीच्या मांडवातल्या मंडळींसारखी गप्प उभी राहिले.

"अजून जरासं," हे म्हणाले.

मी न भांडता टाकलं.