पत्ता विसरणारी पेटी

समस्त पेण-रोहेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, धाटावच्या एका केमिकल कंपनीत एक पेटी दाखल झाली असून, ती न पुसता सगळ्यांचे पत्ते ओळखते!

ही दवंडी मी मनातल्या मनात पिटली. ऐकायला कोणी नव्हतंच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पेणचा, रोह्यात खोली घेऊन एकटा राहायचो आणि कंपनीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवायचो. ही पेटी म्हणजे नेटवर्कचा स्विच. आधीचा हब एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानात ओतायचा. स्विचमधली चिप चोखंदळ. लॅबच्या कॉम्प्युटरने काही पाठवलं, की ती पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून कुठल्या पोर्टातून, म्हणजे तिच्या कुठल्या दारातून, आलं ते लक्षात ठेवायची. मग लॅबसाठी आलेलं थेट तिथेच. पत्ता ठाऊक नसेल तर ती बाकीच्या सगळ्या दारांत पाठवायची. ज्याचं असेल तो उत्तर द्यायचा, की लागला पत्ता. अट एकच, बोलत राहायचं. काही मिनिटं गप्प बसलात, की चिप तुम्हाला विसरली! वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ट्रक नसले की मुकाट बसायचा आणि विसरला जायचा. त्याचा मला भारी लळा.

कारण मीही तसाच. पेटी कॉम्प्रेसरशेजारी, त्या धडधडाटात सगळे हातवाऱ्यांनी बोलायचे. ती सवय माझ्यासोबत आळीत आली. दुकानात दोन बोटं दाखवली की दोन पाव. शेजारी हसायचे, हात हलवायचे, पण हाक कोणी मारायचं नाही. एकाने तरी मारावी, एवढीच तेव्हा माझी इच्छा होती.

एका रविवारी दुपारी आई न कळवता पेणहून आली. हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. तिला आळी तेवढी ठाऊक, खोली पाहिलेली नाही; आळीला माझं नाव माहीत नाही. तिने पहिल्या दारापासून सुरुवात केली.

"माझा पोरगा हितं ऱ्हातो काय गो? पेणचा, कंपनीत हाय."

"नाय गो मावशे, पुढं बघ."

पुढच्या दारात तेच. त्याच्याही पुढच्या दारात तेच. आत पडल्या पडल्या मी ऐकत होतो. हुबेहूब माझी चिप! शेवटी राहवेना. दार उघडून, कॉम्प्रेसरवर मात करायची असल्यासारखा ओरडलो, "आई! मी इथं!"

सगळी आळी बाहेर. समोरची काकू सूप हातात घेऊन तशीच उभी.

"अगो बाय, ह्यो बोलतो व्हय! आमी मुका समजून कधी हाकच मारली नाय!"