एकटं लेकरू तोलू नये

अंगणवाडीत नवा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, बाळाचा व्हिडिओ जातो कुठे. प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणाले, कुठे जात नाही, आतच राहतो. आत म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. बाळाला पांढऱ्या चादरीवर उघडं निजवायचं, फोन त्याच्यावरून कमानीसारखा फिरवायचा, की एआय वजन आणि लांबी सांगतं. काट्याला न लावता वजन! आमच्या आठवडी बाजारात वांगीसुद्धा कोणी नजरेने तोलून घेत नाही. मी वहीत दोन रकाने आखले, फोन आणि काटा, आणि ठरवलं की प्रत्येक बाळ दोन्हीकडून जाईल.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जाणाऱ्या घरांतली बाळं मी आधी मोजून घेते, कारण टोळीचा ट्रक हलला की ती गुढीपाडव्यापर्यंत दिसत नाहीत.

गेल्या वर्षी एक आजी सात महिन्यांच्या नातीला घेऊन आली. मुलगा, सून आणि तान्ही पोर श्रीगोंद्याकडे जाणार होती, आजी शेळ्यांसाठी घरी राहणार होती. चादरीवर पोरीला उघडं निजवायला तिने हरकत घेतली नाही. फोन फिरवला. उत्तर आलं, वजन कमी, तपासणीला पाठवा.

आजीचा चेहरा उतरला. तपासणी म्हणजे पाथर्डीला दवाखान्यात भरती, आईसकट. आणि आई थांबली की कोयता मोडला. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम एकट्याला घेत नाही. ट्रक परवा यायचा होता.

"यंत्राचं काय खरं," आजी म्हणाली. "तुमचा काटा लावा बाई."

माझ्या मनात तेच होतं. पण काट्यासाठी तिने पोरीला झबलं, टोपडं चढवलं आणि वर जाड दुपट्यात गुंडाळलं. फोनचं निराळं, पण उघडं लेकरू काट्यावर तोललं की नजर लागते, म्हणाली. हा हट्ट बऱ्याच घरांत असतो, म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. कपड्यांसकट तोलायचं, मग कपडे वेगळे तोलून वजा करायचे. काट्याने छान भरीव वजन दाखवलं. आजी म्हणाली, तुमच्या फोनला डोळे आलेत जनू. मलाही बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि मनासारखं झालं की मला शंका येते.

मी कपडे मागितले. राहू द्या, लेकराला गारठा लागंल, आजी म्हणाली. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मी हात पुढे केलेलाच ठेवला. दुपटं हाताला जड लागलं. घडीत पुरचुंडी टाचलेली होती, आत ज्वारी.

"एकटं लेकरू तोलत न्हाईत बाई," आजी म्हणाली. "जोडीला धान्य लागतं. माज्या सासूनं बी असंच केलं व्हतं."

"मूठभर की ओंजळभर?"

तिने पदर सारखा केला. "लेकरू वाढतं तसं धान्य बी वाढनारच की."

रीत होती की डाव, हे मला आजही सांगता येत नाही. कपडे आणि ज्वारी वजा केल्यावर काटा फोनच्या आकड्याजवळ आला. म्हणून काही मी फोनवर विसंबले नाही. त्याच आठवड्यात एका गुटगुटीत, हातपाय झाडणाऱ्या पोरालाही त्याने कमी वजनाचं ठरवलं होतं, आणि काट्याने ते खोटं पाडलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सून पोरीचा दंड दोन बोटांत धरून बघत राहिली. मुलगा म्हणाला, आता मुकादमाला काय सांगू. तेव्हा आजी उठली, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि धारेवरून अंगठा फिरवला.

"सांग, जोडी हाय म्हनावं. सून न्हाई, आई येती."

तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई, तो म्हणाला. त्याच्या जन्माआधीपासून मोळ्या बांधतेय, असं तिने ऐकवलं, आणि शेळ्या सुनेच्या बहिणीकडे सोडायला सांगितल्या.

ट्रक निघाला तेव्हा आजी बोचक्यांवर बसली होती. मी हात केला, तिने केला नाही. दुसऱ्या दिवशी मी सुनेला आणि पोरीला जीपने पाथर्डीला नेलं. नर्सने पोरीला पूर्ण उघडं करून तोललं आणि भरती करून घेतलं.

मी तिथेच असताना आजीचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता.

"तोललं का?"

"तोललं."

"उघडंच?"

"उघडंच."

"मंग जोडीला काय व्हतं?"

"मी होते," मी म्हणाले.

बरं, म्हणाली. वजन विचारलं, मी सांगितलं. मग सुनेला फोन द्यायला लावला आणि तिच्याकडूनही तोच आकडा वदवून घेतला.