करदोड्याला बांधलेली किल्ली

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंदुका खाली काढून पुसायचं काम आमच्याकडे आई करायची. आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. बैठकीच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांच्या दोन जोड्या होत्या. वरच्या जोडीवर आजोबांची ठासणीची बंदूक, खालच्या जोडीवर आबांची दुनळी. आबा म्हणजे माझे वडील. पीक राखायचा परवाना त्यांच्या नावावर होता. रानडुकरं नाहीतर रोही, म्हणजे नीलगाई, वावरात शिरले की आबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून हवेत बार काढायचे आणि कळप नाल्याकडे पळायचा. आपली वावरं धरून आजूबाजूच्या सगळ्यांची वावरं त्यांनी अशीच राखली. कुणाच्याही शेतात डुकरं आली की तो माणूस आधी आमच्या बैठकीत यायचा, भिंतीकडे बघायचा आणि मग आबांकडे.

त्या दसऱ्याला मी दुनळी मांडीवर घेतली आणि तेलाचा बोळा फिरवायला बिजागरीवर वाकवून उघडली. डाव्या नळीत काडतूस होतं.

मी ते काढून हातात धरलं आणि बंदूक ज्या जागी टांगलेली असायची तिकडे पाहिलं. नळ्यांची तोंडं माजघराच्या दाराकडे. त्याच दारातून मी रोज ताटं घेऊन बैठकीत येते.

आबा बाजेवर बसले होते. मी काडतूस त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, बोटांनी चाचपलं.

"राहून गेलं असंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "पोळ्याच्या मागं डुकरं आले होते, तवाचं."

संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकर तशीच ताटात ठेवली. आयुष्यभर बंदूक रिकामी केल्याशिवाय घराची पायरी न चढलेला माणूस. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या डोळ्याचं ते टाळत होते, आणि उजवा हात जरासा थरथरायला लागला होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, फक्त त्यावर बोलणं होत नव्हतं.

आता माझं सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., फिजिक्स. आजोबा अंगठा लावत, आबा चौथी शिकले आणि मी गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवते. हे मी सांगत फिरते आणि त्याची मला लाज वाटत नाही. आई गेल्यावर मी आणि माझे यजमान आबांसोबत राहायला आलो. मी एकुलती एक. सत्तरी झाली की वारसाच्या नावे परवाना करता येतो, म्हणून आबांनी आपण होऊन माझं नाव दिलं होतं. गावात काही लोक हसले. "पोरीले बंदूक?" आबा म्हणाले होते, "तिचा नेम तुह्या पोरापेक्षा बरा हाये." नेम त्यांनीच शिकवला होता, पुढे रीतसर प्रशिक्षणही मी करून आले. पण पोलीस ठाण्यातून चौकशीला आलेल्या जमादारांना आबांनी बंदुका कुठं असतात ते मोठ्या ऐटीत भिंतीकडे बोट करून दाखवलं, तेव्हा ते अदबीनं म्हणाले होते, "काका, कुलपात ठेवा. मग मी अर्ज पुढं पाठवतो." ते तसंच राहिलं होतं.

दसरा झाला, सोनं वाटून झालं आणि मी विषय काढला.

"आबा, बंदुकांसाठी तिजोरी घेऊ."

"बंदुकीले तिजोरी? दागिना हाये काय तो?"

"दागिना चोरीला गेला तर आपलंच नुकसान होतं. बंदूक गेली तर दुसऱ्याचं होतं."

"आन् भित्तीवर काय राह्यलं मंग? क्यालेंडर?"

घरात कुणाला इजा होऊ नये हे तर होतंच, पण आबांना आपण निकामी झालो असं वाटू नये हेही मला सांभाळायचं होतं. पहिल्यासाठी जाड लोखंड पुरतं. दुसऱ्यासाठी काय पुरतं, ते माझ्या कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

रविवारी मी आणि आबा खामगावला गेलो. कपाट-तिजोरीच्या दुकानात मालकानं आबांना खुर्ची दिली आणि मला विचारलं, "ताई, दागिने अंदाजे किती आहेत? त्या हिशोबानं साइज दाखवतो."

"दागिने नाहीत. दोन बंदुका आहेत."

तो आबांकडे वळला आणि त्यानंतर सगळं आबांशीच बोलायला लागला. "काका, हे बघा, मजबूत माल. काका, याला लॉकर आतून वेगळं."

आबा म्हणाले, "मले काय सांगून राह्यला बावा, तिले सांग. कालेज शिकेल ते हाये."

मग मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुकानातली तिजोरी बुटकी होती, दुनळी दोन भागांत सोडवली तर मावली असती, पण ठासणीची तशी सुटत नाही. उंच होतं ते साधं लोखंडी कपाट. मी त्याच्या दारावर बोटानं टकटक केलं, तर डबा वाजावा तसा पत्रा वाजला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, पहारीनं बिजागरी उचकटली की कुलपाचा उपयोग काय? मालक म्हणाला, "ताई, आजपर्यंत असं कोणी विचारलं नाही."

"काऊन नाई इचारलं?" आबा म्हणाले. "लोकं मुहूर्त पाहून तिजोरी घेते, बिजागरी पाहून नाई घेत."

मग त्यानं आकड्यांचं कुलूप दाखवलं. किल्लीचा त्रास नाही, हरवायची भीती नाही, फक्त नंबर लक्षात ठेवायचा. "काकांची जन्मतारीख टाकून द्या, विसरायचा प्रश्नच नाही."

आबा हसले, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. "अरे बावा, आमच्या वयाच्या समद्याईची जन्मतारीख एक जून. गुरुजीनं लिवली. तो नंबर चोराच्या बापाचाबी तोच असंल."

मालकही हसला आणि त्यानंतर माझ्याशी नीट बोलू लागला. त्याच्या भावाचा वेल्डिंगचा कारखाना होता. तिथं आम्ही करून घ्यायचं ठरवलं: ठासणीची उभी मावेल एवढी उंची, पत्र्याऐवजी जाड प्लेट, बिजागऱ्या आत, किल्ली फिरवली की दाराच्या चारही बाजूंनी कांबी चौकटीत घुसतील असं कुलूप. आतून नमद्याचं, जाड लोकरी कापडाचं अस्तर, म्हणजे बंदुकीच्या लाकडावर ओरखडे पडणार नाहीत. काडतुसांसाठी वेगळी लहान पेटी, वेगळ्या कुलपाची, वेगळ्या खोलीत. बंदूक चामड्याच्या खोळीत घालून आत ठेवायची नाही हे आबांनी सांगितलं. खोळ ओल धरते आणि नळीला गंज लागतो. ते बोलत होते, मी मान डोलावत होते आणि मला बरं वाटत होतं.

तिजोरी आली तेव्हा ती कुठं बसवायची यावरून पुन्हा चर्चा. बैठकीची भिंत मातीची, तिला बोल्ट धरत नाहीत. मागच्या नव्या खोलीत सिमेंटचा खांब आहे, तिथं तिजोरी खाली जमिनीत आणि मागे खांबात कसून टाकली. चार गडी लावूनही हलली नाही. आबांनी स्वतःच्या हातानं दोन्ही बंदुका आत उभ्या केल्या, दार लावलं, किल्ली फिरवली. कांबी घुसल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "हाव. हे काम झालं."

बैठकीतल्या खुंट्या तशाच ठेवल्या. त्यांच्यावर मी काही टांगलं नाही.

तिजोरीच्या किल्ल्या दोन होत्या. एक आम्ही यजमानांच्या सांगण्यावरून शहरातल्या बँकेच्या लॉकरात ठेवली. दुसरी आबांकडे, कारण परवाना अजून त्यांचाच होता. त्यांनी ती कुठं ठेवली हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण आमच्या गावात असं कोणी विचारत नाही. कपाटाची किल्ली कुठं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. देव्हाऱ्यात, देवीच्या तसबिरीमागे. घरोघरी तिथंच. आईनं जन्मभर तिथंच ठेवली. किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या बाईला लोक नावं ठेवतात, घरच्यांवर भरोसा नाही म्हणतात.

दिवाळीत शेजारच्या काकांकडे त्यांचे नवे जावई आले होते. मी संध्याकाळी दुकानातून परत आले, तर मागच्या खोलीतून बोलण्याचा आवाज. तिजोरी सताड उघडी. काकांच्या हातात दुनळी आणि जावई ठासणीच्या नळीत डोळा लावून बघत होते.

"ये वं बाई," काका म्हणाले. "आबा घरी नव्हते, म्हनलं आपनच दाखवू पावन्याईले. अशी बंदूक त्याईच्या गावात नाई."

"किल्ली कुठं मिळाली?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजे? देवामागं."

जावयांसमोर मी काही बोलले नाही. बंदुका घेतल्या, रिकाम्या आहेत ना ते पाहिलं, आत ठेवल्या, कुलूप लावलं आणि चहा टाकला. जावई चहा पिताना म्हणाले, "तिजोरी मात्र एकदम जबरदस्त केली तुम्ही." मी म्हटलं, हो.

आबा आले तेव्हा मी सगळं सांगितलं, चढ्या आवाजात नाही, पण काही न वगळता. ते देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढी प्लेट, एवढे बोल्ट, आणि किल्ली अशा जागी, जिथं आजूबाजूचं कोणीही हात घालेल. चूक एकट्या त्यांची नव्हती. मीही तिजोरीचं कुलूप पारखून घेतलं आणि किल्लीचा विचार सवयीवर सोडून दिला.

"तुह्या मायनं तिथंच ठेवली होती," ते म्हणाले.

"आईच्या किल्लीनं साड्या निघायच्या, आबा."

त्यांनी सदरा वर केला आणि किल्ली कमरेच्या करदोड्यात ओवली. काळ्या दोऱ्याला गाठीवर गाठ. त्या दिवसापासून ती अंगावेगळी झाली नाही, आंघोळीलाही नाही. चालताना आबांचा हात मधूनच कमरेकडे जायचा.

मग परवाना माझ्या नावावर झाला. कागद हातात आला तेव्हा आबांनी तो माझ्याकडून वाचून घेतला, माझं नाव परत एकदा वाचायला लावलं आणि पेढे आणायला सांगितलं. किल्लीबद्दल बोलले नाहीत. नियमानं आता ती माझ्याकडे हवी होती. मी मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती आणि तेच मला नको होतं. भिंत आधीच रिकामी झाली होती. मी दोन-तीनदा बोलायला गेले आणि परत फिरले. त्यांचा हात कमरेकडे जायचा, मी दुसरीकडे बघायचे.

हरभरा घाट्यावर आला होता. एका संध्याकाळी, अजून उजेड होता, शेजारचे काका घाईनं बैठकीत आले. भिंतीकडे बघितलं, खुंट्या रिकाम्या, मग आबांकडे. "डुकरं शिरले आबा, नाल्याकडच्या अंगानं. काढा बंदूक."

आबा बाजेवरून उठले. हात कमरेकडे गेला. मी दारात उभी होते. ते काकांना म्हणाले, "मले काय सांगतं बे? तिले सांग. बंदूक तिची हाये."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चाल मंग बाई. लवकर."

आबांनी सदरा वर करून गाठ सोडायला घेतली. बोटं थरथरत होती, गाठ सुटेना. काका पायांची चुळबूळ करत होते. "तू सोड वं," आबा मला म्हणाले. "मले दिसत नाई." मी गुडघ्यावर बसून गाठ सोडली. किल्ली त्यांच्या अंगानं गरम झाली होती.

दुनळी काढली, उघडली आणि सवयीनं नळ्यांत बघितलं. आबांनी हात पुढे केला. मी बंदूक त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एकेका नळीच्या मागच्या तोंडात बोट घातलं, आत फिरवलं. पोळ्याच्या वेळी डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते त्या बोटाला नक्की कळलं असतं.

"रिकामी हाये. जाय."

दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून मी दोन काडतुसं घेतली आणि धुऱ्यावर उभं राहून हवेत बार काढला. कळप नाल्यात उतरला. काका म्हणाले, "आवाज तोच हाये." परत आले तर आबा पायरीवर बसलेले. मी न सांगता बंदूक उघडून त्यांच्यापुढे धरली, त्यांनी पुन्हा दोन्ही नळ्यांत बोट फिरवलं आणि मगच मला आत जाऊ दिलं. तेव्हापासून तोच रिवाज आहे. जाताना आणि येताना त्यांचं बोट लागल्याशिवाय बंदूक घराबाहेर किंवा तिजोरीत जात नाही.

त्या संध्याकाळी तिजोरीला कुलूप लावून मी किल्ली मुठीत घेतली आणि आबांना विचारलं, "कुठं ठेवू?"

"देवामागं नको," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन् मलेबी सांगू नको."