एका रियालचं मटण

मस्कतमध्ये मी तीन वर्षं बँकेचा एक रियाल वाचवत होतो आणि इकडे कोल्हापुरात माझा बाप त्याच रियालचं मटण पावण्यांना खाऊ घालत होता. आठवलं की आजही मला आधी राग येतो आणि मग भूक लागते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. डोक्यात एकच किडा होता, स्वतःचा लेथ घ्यायचा. जुना का असेना, पण आपला. दुसऱ्याच्या मशीनवर लोखंड तासून मी विटलो होतो. म्हणून एजंटाचे पाय धरून मस्कतची नोकरी मिळवली. जाताना वडिलांना बजावलं, "आबा, घरखर्चाचे काढून घ्या, राहिलेल्याला हात लावायचा न्हाई. लेथचे हाईत ते." आबा म्हणाले, "व्हय की." एवढं ऐकून मी निर्धास्त विमानात बसलो.

तिथं एका खोलीत आम्ही चौघं. एक गारगोटीचा, एक जोतिबाच्या डोंगरावरचा, एक आमच्या कोल्हापुरातल्याच मुसलमान शिंप्याचा मुलगा, आणि मी. पगार झाला की चौघंही बँकेच्या रांगेत. घरी पैसे पाठवायचे तर ड्राफ्ट काढायला लागायचा आणि दर ड्राफ्टला बँक एक रियाल कापायची. दहा पाठवा नाहीतर शंभर पाठवा, रियाल तो रियाल. म्हणजे आपले वीसएक रुपये. काचेमागचा माणूस एक कागद टाइप करायचा, शिक्का हाणायचा आणि वीस रुपये गिळायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मीच शक्कल काढली. चौघांचे पैसे एकत्र करायचे आणि एकच ड्राफ्ट काढायचा, आबांच्या नावानं. चौघांच्या बापांत बँकेत खातं असलेले एकटे आबाच होते आणि आमचं घर एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. आबांनी शनिवारी पैसे काढायचे, रविवारी तिघांच्या बापांनी येऊन आपापले घेऊन जायचे. चार रियालचं काम एकात. बँकेला असं चितपट केल्यावर मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

घरून दर महिन्याला आबांचं पत्र यायचं. "पैसे पोचले. वाटप झालं. सगळे खुशाल." बस. मटणाचा म सुद्धा नाही. मटणाचं कळलं ते गारगोटीकराला आलेल्या पत्रातून. त्याच्या बापानं लिहिलं होतं, "तुझ्या दोस्ताच्या घरचा पांढरा रस्सा एक नंबर." मी म्हटलं, पहिली खेप आहे, जेवू घातलं असेल. पुढच्या महिन्यात शिंपीचाचांनी कळवलं, तांबडा या वेळी जरा तिखट झाला होता. या वेळी म्हणजे?

खरी गोम पुढंच होती. ड्राफ्ट टपालानं कधी पोचेल याचा नेम नव्हता. त्यामुळं तिघंही दर रविवारी 'आला काय?' म्हणून विचारायला यायचे. आला असला तर आनंदानं जेवण. आला नसला तर रिकाम्या हातानं चाललेल्या माणसाला रिकाम्या पोटी कसं धाडायचं, म्हणून जेवण. काही दिवसांनी जोतिबाच्या पावण्यांबरोबर त्यांचा मेव्हणा येऊ लागला. त्याचा तर मस्कतशी काही संबंधच नव्हता.

मी कडक पत्र लिहिलं. पावण्यांना चहा पाजा, पुरे. आबांचं उलट टपाली उत्तर आलं, "पावण्याला चहावर घालवायला आपण काय पुण्यात ऱ्हातो काय?" श्रावण लागला तेव्हा मला जरा बरं वाटलं. महिनाभर तरी मटण बंद. तर आईनं पुरणपोळ्या सुरू केल्या, वर तूप आणि वाडगाभर दूध. श्रावण आम्हाला मटणापेक्षा महाग पडला.

तीन वर्षांनी घरी आलो. पायातल्या चपला काढायच्या आधी पासबुक मागितलं. लेथच्या निम्मेही पैसे नव्हते. मी तिथंच उंबऱ्यात उभा राहून बोलायला सुरुवात केली. बँकेचा एक रियाल वाचावा म्हणून मी तिथं रांगेत डोकं लढवलं, तिथली खुबूसची रोटी खाऊन दिवस काढले, आणि तुम्ही इथं खानावळ काढली. आई म्हणाली, "मी सांगून दमले बाबा. तूच सांग आता." आबा खाली बघत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुझ्या पत्रात काय असायचं सांग बघू?"

माझ्या पत्रात वाटपाची यादी असायची. कुणाला किती आणि आपले किती.

"त्यांची पोरं घरला सगळं लिवायची," आबा म्हणाले. "जेवण झालं की तिघंबी आपापली पत्रं वाचून दावायची. त्यात तू असायचास. तुला ताप आलेला मला गारगोटीच्या पावण्यांनी सांगितला. तू भात करपवलास ते चाचांनी. न्हाईतर आमाला काय कळणार हुतं?"

मला चूक कळली, पण लेथ हवाच होता. मी परत गेलो. आणि या वेळी मन घट्ट करून एकट्याचा ड्राफ्ट काढला, पुरा रियाल मोजून. बाकीच्या तिघांच्या बापांनी तोवर आपापली खाती उघडली होती. आता पैसे साठणार याची मला खात्री होती. महिन्यानं आबांचं पत्र आलं. "पैसे पोचले. वाटप नव्हतं. रविवारी कोण आलं न्हाई. आम्ही दोघं आमटी-भात जेवलो. सगळे खुशाल."

ते पत्र मी खिशात घालून चार दिवस कामाला गेलो. पाचव्या दिवशी तिघांना म्हटलं, गड्यांनो, फुकट रियाल घालवतोय आपण, पुन्हा एकत्रच पाठवू. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. शिंप्याचा पोरगा म्हणाला, "अब्बा भी यहीच लिखे हैं."

लेथ दोन वर्षं उशिरा आला. आणि पुन्हा एकत्र ड्राफ्ट काढला त्या महिन्याच्या पत्रात मी पैशांचं शेवटी दोन ओळींत उरकलं. आधीची तीन पानं भात कसा करपला ते लिहिलं.